पेन्शन बंद होत नाही

प्रेसवर बोटे गेलेला कामगार पुन्हा शिकायचे मनात आणतो, तेव्हा घरातून पहिला प्रश्न फीचा येत नाही. ‘कॉलेजात नाव घातलंस आणि पेन्शन बंद झाली तर?’ हा येतो. वाळूज औद्योगिक परिसरातल्या बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी, कमळापूर या भागातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये ही भीती खरी आहे. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, दरमहा येणारे तीन-चार हजार रुपये हा त्या घरातला एकमेव न चुकणारा पैसा असतो. कंत्राट संपते, ओव्हरटाइम बंद होतो, पण ते पैसे खात्यावर येतात. त्यांना धक्का लागेल असे कोणी काही करू देत नाही.

या भीतीला कायद्यात आधार नाही. कामावर झालेल्या अपघातातून आलेल्या कायमच्या अपंगत्वाचा ईएसआय लाभ कॉलेजात गेल्याने थांबत नाही, कमीही होत नाही. पदवी मिळाली, दुसरी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा जास्त झाला, तरी तो चालू राहतो. असे का, हे समजले की अपंगत्वाशी जोडलेल्या इतर पैशांचे नियम वेगळे का आहेत, तेही समजते. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण आपल्याकडे सगळ्यालाच ‘अपंगाची पेन्शन’ म्हणतात.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले आणि कामगारांच्या वस्तीला कंपनीचेच नाव पडले. दुचाकी असो वा रिक्षा, तिच्या अंगावरचा पत्रा कुठल्यातरी पॉवर प्रेसखाली वाकलेला असतो. ऑपरेटर डायमध्ये पत्रा ठेवतो, प्रेसचा स्ट्रोक खाली येतो, तयार तुकडा काढून तो पुढचा पत्रा ठेवतो. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक खाली येऊ नये, हात आत असेल तर सेन्सरने प्रेस जागीच थांबावा, अशी सोय करता येते आणि अनेक ठिकाणी ती आहेही. जिथे नाही, किंवा उत्पादन वाढवायला ती बंद करून ठेवली आहे, तिथे बोटे जातात. वाहन उद्योगातल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. हाताची बोटे चिरडण्यात पॉवर प्रेसचा वाटा किती मोठा आहे, हे त्यात वर्षानुवर्षे दिसते. हे अपघात टाळता येण्याजोगे आहेत, हे आधी सांगायला हवे. पुढचा सगळा हिशेब एरवी फार थंडपणे मांडल्यासारखा वाटेल.

हा हिशेब ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात छापलेला आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. अंगठ्याचे शेवटचे पेर गेले तर २०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक गेले तर ९. मधले बोट पूर्ण १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे २०, तीन बोटे ३०, चार बोटे ५०, अंगठ्यासकट पाचही गेली तर ६०. मेडिकल बोर्डासमोर कामगार हात टेबलावर ठेवतो, डॉक्टर पेरे मोजतात, एक्स-रे पाहतात आणि या यादीतला आकडा लिहितात. त्याला ‘कमाईची क्षमता घटणे’ म्हणतात. यादीत नसलेल्या दुखापतीचा अंदाज बोर्ड स्वतः करते.

पैसे या टक्क्यावरून ठरतात. समजा अपघाताआधीची सरासरी मजुरी दिवसाला ५०० रुपये होती. तिचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये हा पूर्ण दर. उजव्या हाताचा अंगठा गेला, ३० टक्के लागले, तर ४५० च्या ३० टक्के म्हणजे दिवसाला १३५ रुपये, महिन्याला ४,०५० रुपये, तहहयात. महागाईनुसार ईएसआय महामंडळ अधूनमधून ही रक्कम वाढवते. या हिशेबात ‘तुम्ही आता काय करता?’ असा प्रश्न कुठेच नाही. अपघाताच्या दिवशी जी क्षमता गेली तिची ही भरपाई आहे, फक्त ती हप्त्याहप्त्याने मिळते. म्हणून त्याच कारखान्यात परत कामावर लागलेल्यालाही पगाराशिवाय ती मिळते, आणि बीएच्या वर्गात बसलेल्यालाही मिळते. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. महाविद्यालयाचा दाखला कोणी मागत नाही.

उपचार चालू असतानाचा पैसा मात्र वेगळा. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिले की तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुरू होतो. तोही मजुरीच्या ९० टक्के दराने मिळतो आणि डॉक्टर ‘कामास अयोग्य’ लिहितात तोवर चालतो, त्याला दिवसांची मर्यादा नाही. त्याला अटी आहेत. ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचा लाभ नाही. दवाखान्याचे उपचार चालू ठेवायचे, बरे होण्यात अडथळा येईल असे काही करायचे नाही, परवानगीशिवाय भाग सोडून जायचे नाही. शिकायला मनाई असे कुठेही लिहिलेले नाही. हाताला प्लास्टर असताना घरी पुस्तक वाचणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. पण याच काळात परीक्षेसाठी किंवा प्रवेशासाठी बाहेरगावी जायचे असेल, तर आधी ईएसआय दवाखान्यातून लेखी परवानगी घ्यावी. हा कागद मिळायला अवघड नसतो, नसला की मात्र त्रास होतो.

अनेकांचे घोडे याच्याही आधी अडते. अपघात झाला तेव्हा ठेकेदाराने ईएसआयमध्ये नावच घातले नव्हते, असे ऐकायला मिळते आणि कामगार तिथेच हात टेकतो. तसे करू नये. कामावरच्या दुखापतीच्या लाभाला अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. मालकाने वर्गणी भरली नसेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी तो तिथे कामाला होता आणि अपघात तिथेच झाला याचा पुरावा लागतो: फॉर्म १२ मधला अपघाताचा अहवाल, दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे कागद, हजेरी, बँकेत जमा झालेला पगार. घरात पडलो असे सांग, उपचाराचा खर्च आम्ही करतो, असे कोणी म्हणाले तर ते ऐकणाऱ्याच्या हातून जन्मभराची रक्कम जाते. बोर्डाचा टक्का कमी वाटला तर ३ महिन्यांच्या आत अपील करता येते. पगार २१,००० रुपयांच्या वर असलेला कामगार ईएसआयच्या बाहेर राहतो. त्याला कामगार नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली एकरकमी पैसे मिळतात, दरमहा नाही. १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, पण विम्याचा मूळ साचा आणि बोटांच्या टक्क्यांची यादी तिच्यातही आहे.

या विम्याचा इतिहास आपल्या शहराशी जोडलेला आहे. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सरकारला मिळाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. त्याआधी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले होते. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग चालत. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आपल्याच शहरात, महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. वाळूजहून शेअर रिक्षाने निघालो की नगर नाका, छावणी ओलांडून बाबा पेट्रोल पंपाच्या बाजूला येताना मिलिंदचा नागसेनवनाचा परिसर जवळच राहतो. कामगाराचा विमा आणि कामगाराचे कॉलेज, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे समजणे त्याच्या कामालाच धरून नाही.

आता दुसरा पैसा. राज्य सरकारची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ती विमा नाही, गरजेपोटी दिलेली मदत आहे, आणि तिचे सगळे नियम गरज मोजणारे आहेत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवे, महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य हवे, कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत हवे. दिव्यांगांसाठी ती मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. अनुदान दीड हजार होते, ते दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झाले. शिकल्याने हेही बंद होत नाही, उत्पन्न वाढल्याने होते. वरच्या उदाहरणातले ४,०५० रुपये बाराने गुणले तर वर्षाचे ४८,६०० होतात. त्यात घरातल्या बाईचा पॅकिंगच्या कामाचा पगार धरला की मर्यादा कधीच ओलांडलेली असते. म्हणजे ईएसआयची पेन्शन घेणाऱ्या बहुतेक घरांना ही योजना लागूच होत नाही. तिथे हेलपाटे घालण्यात दिवस घालवू नयेत. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये. एवढ्यात बजाजनगरात खोलीचे भाडे आणि किराणा भागत नाही. ही मर्यादा वाढवणे आता टाळता येण्यासारखे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आज तिचा अर्थ असा होतो की शिकून बारीकसे काम मिळवणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला आधी मदत गमवावी लागते आणि मग स्थिरता शोधावी लागते. अमेरिकेतही हीच अडचण आहे. तिथे सामाजिक सुरक्षेचा अपंगत्व लाभ ठरावीक रकमेच्या वर कमाई झाली की धोक्यात येतो, म्हणून लोक काम धरायलाच घाबरत. १९९९ मध्ये त्यांनी त्यासाठी वेगळा कायदा केला आणि काम करून पाहणाऱ्यांच्या लाभाला आणखी संरक्षण दिले. आपल्या ईएसआयच्या कायमच्या लाभाला अशा संरक्षणाची गरजच नाही, कारण तो कमाईशी बांधलेलाच नाही. या एका बाबतीत १९४८ पासूनची आपली तरतूद उदार आहे आणि हे कामगारांपर्यंत पोहोचलेले नाही.

टक्क्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त लोकांना फसवतो, म्हणून तो नीट उलगडू.

ईएसआय बोर्डाने दिलेले ३० टक्के आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. पहिली मोजणी कमाईची क्षमता किती घटली ते सांगते. दुसरी शरीराचे कार्य किती घटले ते सांगते, तिची मार्गदर्शक तत्त्वे वेगळी, डॉक्टरांचे मंडळ वेगळे आणि ती दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, म्हणजे यूडीआयडी कार्डावर येते. आपल्याकडे त्यासाठी घाटी रुग्णालयात किंवा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागते. कार्डावरचा पट्टा ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा आणि ८० च्या पुढे निळा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या बहुतेक मोठ्या सवलती ४० टक्के आणि पुढच्यांना मिळतात. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये ५ टक्के जागा राखीव आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट, या दोन्ही सवलती याच रेषेच्या पलीकडे आहेत. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचेही तसेच. प्रेसवर दोन बोटे गेलेला कामगार बहुधा या रेषेच्या अलीकडे राहतो. त्याला ईएसआयची पेन्शन मिळते, कॉलेजात राखीव जागा मिळत नाही. पाचही बोटे गेलेल्याला दोन्ही मिळायची शक्यता असते. ईएसआयचे पत्र घेऊन प्रवेशाच्या खिडकीवर जाण्यात अर्थ नाही आणि यूडीआयडी कार्ड दाखवून ईएसआयकडे जास्त टक्के मागण्यातही नाही.

ईएसआयच्या यादीत आणखी एक गोष्ट खटकते. तर्जनीचे १४ टक्के उजव्या हाताला तेवढेच आणि डाव्यालाही तेवढेच. लिहिता कुठल्या हाताने, हे यादी विचारत नाही. कामगार कायद्याच्या इतिहासात यापेक्षा बारीक विचार झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७५ मधल्या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण, १०० टक्के गेली असे धरले गेले. हा निकाल नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा आहे. पण काम पाहून इजा मोजायची, हा त्यातला विचार विद्यार्थ्यालाही लागू पडायला हवा, कारण कॉलेजात जाणाऱ्या कामगाराचे काम आता लिहिणे आहे.

अंगठा किंवा तर्जनी गेलेल्या हाताने लिहिताना काय होते ते जवळून पाहावे. पेन मधले बोट आणि अनामिकेच्या बेचक्यात धरावे लागते, मनगट वळवून. अक्षर येते, थोड्या सरावाने वाचण्याजोगेही येते. पण पान-दोन पाने झाली की तळहाताच्या कडेला पेटके येतात, उरलेल्या बोटाच्या कापलेल्या टोकाला झिणझिण्या येतात, आणि थंडीत त्या जास्त होतात. हात थांबवून चोळावा लागतो. तीन तासांच्या पेपरात येत असलेले शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. टायपिंग त्या मानाने लवकर जमते. मोबाइलवर बोलून मराठी लिहिण्याची सोय आता बरी आहे, त्यामुळे टिपणे काढायचा प्रश्न बराच सुटतो. परीक्षेचा सुटत नाही.

इथे अलीकडच्या काळात मोठी मदत मिळाली आहे आणि ती ४० टक्क्यांच्या खाली असलेल्यांना आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात निकाल दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व ठरलेल्या रेषेत बसत नव्हते. न्यायालयाने म्हटले की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. जागा राखून ठेवणे आणि परीक्षा देता यावी अशी सोय करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ३ फेब्रुवारी २०२५ च्या गुलशन कुमार प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका आणखी पक्की केली. अतिरिक्त वेळ तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. वाळूजमधल्या दोन-तीन बोटे गेलेल्या कामगारासाठी पूर्ण शिक्षणव्यवस्थेतली ही सगळ्यात उपयोगाची तरतूद आहे, असे मी म्हणेन.

कॉलेज कुठले निवडावे, याचे उत्तर शिफ्टवर अवलंबून आहे. हात गेल्यावर अनेकांना त्याच कारखान्यात स्टोअर, गेट किंवा क्वालिटीचे हलके काम मिळते. त्यांना रोज वर्गात बसणे जमत नाही. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अशाच लोकांसाठी आहे, आपल्या शहरात त्याचे विभागीय केंद्रही आहे. काम सुटलेले असेल आणि पूर्ण वेळ देता येत असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अनुदानित महाविद्यालयात प्रवेश घ्यावा. तिथे ग्रंथालय आहे, शिक्षक समोर आहेत आणि अनुदानित कॉलेजांची फी परवडते. खासगी कंपनीने अपघातानंतर कामावरून काढले तर फार थोडे संरक्षण आहे. उपचाराच्या काळात काढता येत नाही एवढेच. अपंगत्व आले म्हणून नोकरीवरून काढू नये ही २०१६ च्या कायद्यातली हमी फक्त सरकारी आस्थापनांना बांधते. म्हणून काम टिकेल यावर विसंबून शिक्षण पुढे ढकलणे मला धोक्याचे वाटते.

ईएसआयमध्ये शिक्षणासाठी वेगळा पैसा जवळजवळ नाही. व्यावसायिक पुनर्वसनाची एक योजना आहे: किमान ४० टक्के अपंगत्व, वय ४५ पर्यंत, आणि पुनर्वसन केंद्रात प्रशिक्षण चालू असेपर्यंत दिवसाला १२३ रुपये किंवा केंद्राची फी, यांतली जास्त रक्कम. बीए-बीकॉम तिच्यात बसत नाही. ज्याला प्रेसवर परत जायचे नाही आणि हिशेबनीस, वकील किंवा शिक्षक व्हायचे आहे, त्याच्या फीला या योजनेतून मदत मिळायला काय हरकत आहे, हे मला उमगत नाही. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात हे एक कलम घालावे. एक छोटी पण मोलाची सोय मात्र आहे. कायमच्या अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे ईएसआय उपचार निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतात. नोकरी सोडून पूर्ण वेळ शिकणाऱ्याने हे पैसे विसरू नयेत. कापलेल्या बोटाच्या टोकाचे दुखणे वर्षांनंतरही डोके वर काढते आणि त्यावरची शस्त्रक्रिया बाहेर परवडत नाही.

प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात लेखनिकाच्या कागदाला लागावे. लिहिण्यास अडचण असल्याचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून, ठरलेल्या नमुन्यात लागते. ईएसआय बोर्डाचा आदेश त्याच्या जागी चालत नाही, पण तपासणीच्या वेळी तो आणि एक्स-रे सोबत असले की काम लवकर होते. परीक्षेचा अर्ज भरतानाच लेखनिक आणि जादा वेळ दोन्ही मागायचे, अर्जाची पोच घ्यायची आणि केंद्रप्रमुखांना परीक्षेच्या आधी भेटायचे. लेखनिकाच्या शिक्षणाबद्दल आणि तो कोणी आणायचा याबद्दलचे नियम बदलत आले आहेत, त्या वर्षीचे विद्यापीठाचे परिपत्रक पाहूनच माणूस ठरवावा. शेजारच्या खोलीतली अकरावी-बारावीची मुलगी मदतीला तयार असेल तर तिच्यासोबत जुने पेपर सोडवून बघावेत. उत्तर मनात जुळवून, वाक्य पूर्ण करून, विरामचिन्हांसकट दुसऱ्याला सांगणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा जमत नाही.